लाल रंगाची भूल

दमणगंगेच्या काठावरून



रूपारंगावरून गुण ठरवण्याची आपली खोड जुनी आहे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धीला चांगला, केशराचं दूध प्यायलं की बाळ गोरं होणार, आणि बीट लालभडक म्हणून ते रक्त वाढवणार. पहिल्या दोन समजुतींवर हल्ली थोडीफार चर्चा तरी होते. तिसरीवर मात्र कुणी शंकासुद्धा घेत नाही. निपाणीला माझ्या माहेरी विचारा, "रक्त कमी झालंय? बीट खा गं." गोकाकला सासरी विचारा, आमच्या अत्ती लगेच सांगतील, "केंप ऐती, नेत्तर आगतैती." लाल आहे, रक्त होतं. इथे सिल्वासाला हाच सल्ला गुजरातीतून मिळतो आणि वारलीतूनही मिळतो. भाषा बदलते, सल्ला तोच राहतो.

वाचक भगिनींच्या पत्रांतही हा प्रश्न अधूनमधून येतो. बीटचा रस रोज किती घ्यावा, उपाशीपोटी घ्यावा की जेवणानंतर, गर्भारपणात चालतो का, मुलीचं हिमोग्लोबिन नऊ आहे तर किती दिवसांत वर येईल. तेव्हा आजचा लेख बीटवर. हे झाड कोण, कुठलं, त्याच्यात काय आहे आणि काय नाही, हे जरा नीट बघू. कारण वरवर साध्या वाटणाऱ्या या सल्ल्यामागे कधी कधी एखाद्या मुलीचे महत्त्वाचे महिने निघून जातात. तसं एक उदाहरण मी इथेच पाहिलं. ते पुढे सांगते.

आधी नव्या वाचकांसाठी या गावाविषयी दोन शब्द. सिल्वासा, इथल्या बोलीत सेलवास, हे दादरा-नगर हवेलीचं मुख्य ठिकाण. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र आणि मधून वाहणारी दमणगंगा. नगर हवेलीचा हा मुलूख १७८३ साली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, हे अनेकांना ठाऊक असेल. पुढे १९६१ मध्ये हा भाग रीतसर भारतात आला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. कारखान्यांमुळे देशभरातली माणसं इथे आली, त्यात आपल्या सीमाभागातली कुटुंबंही आली. पण मूळ माणसं वारली, कोकणा, धोडिया. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे तीन लाख त्रेचाळीस हजार होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते.

रक्ताचा प्रश्न इथे किती मोठा आहे, तेही सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दादरा-नगर हवेलीतल्या दहांपैकी जवळजवळ आठ स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा देशाची सरासरी दहांपैकी पाचाच्या थोडी वर होती. २०१९-२१ च्या पाहणीत दमण-दीवसह धरलेल्या नव्या प्रदेशाचा आकडा दहांपैकी सहाच्या आसपास आला. आकडा उतरला, पण अजून निम्म्याहून अधिक घरांत हा प्रश्न आहेच. आणि आपण बेळगाव, चिकोडी, अथणी, कागलच्या बायका यातून सुटलो आहोत असं समजू नका. देशाचा आकडाही त्या पाहणीत शंभरात सत्तावन्न होता.

आता बीटकडे वळू.

बीटचं मूळ गाव समुद्रकिनारा. युरोपच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर वाळूत, खडकांत, खाऱ्या वाऱ्यात उगवणारं एक रानटी झाड, तो त्याचा पूर्वज. गंमत म्हणजे जुन्या काळी माणसं त्याची पानं खायची. रोमन लोकांना पानं ठाऊक होती आणि मुळाचा उपयोग बराचसा औषधाला व्हायचा. आज आपण ज्याला बीट म्हणतो तो गोल, फुगीर, लाल गड्डा युरोपातल्या स्वयंपाकघरांत रुळला तो सोळाव्या शतकाच्या सुमाराला. म्हणजे आधी पान आणि मग कंद असा त्याचा प्रवास. आपण मात्र बाजारातून बीट घेताना भाजीवाल्याला सांगतो, "पाला तोडून टाका हो." जे आधी खाल्लं गेलं तेच आपण आधी फेकतो.

बीटचं गोत ऐकलं तर आणखी आश्चर्य वाटेल. राजगिरा, माठ, चाकवत, पालक ही सगळी त्याचीच भावकी. गोकाककडे चाकवताला चक्कोत म्हणतात, राजगिऱ्याच्या पाल्याला राजगिरी म्हणतात. ती जुडी आणि हा गड्डा एकाच कुळातले. त्यातही आपल्या बाजारात पालक म्हणून जी भाजी येते, तिच्या 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती' यांसारख्या जाती तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटच्याच प्रजातीतल्या आहेत. तेव्हा पालकाची भाजी आवडीने खाणाऱ्याने बीटच्या पाल्याला नाक मुरडू नये.

बीट आडवं कापलं की आत झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात. पण ती वर्षांची वर्तुळं नव्हेत. साठवणीच्या पेशी आणि रस वाहून नेणाऱ्या नळ्या एकाआड एक थरांनी वाढतात, म्हणून ती उमटतात. इटलीतल्या किओज्जा या गावच्या नावाची एक जात आहे, तिच्यात हीच वर्तुळं पांढरी आणि गुलाबी अशी आलटून पालटून येतात. बीटला मातीचा जो वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसात अंगण भिजलं की जो वास दरवळतो, त्यातही हेच द्रव्य असतं. काहींना तो वास आवडतो, काही मुलं त्यापायी ताट सरकवतात.

बीटचा एक भाऊ तर आपल्या ऊसपट्ट्याचा प्रतिस्पर्धी. त्याचं नाव शुगरबीट, पांढरा आणि निमुळता कंद. १७४७ मध्ये आंद्रेआस मार्गग्राफ या जर्मन रसायनतज्ज्ञाने दाखवलं की बीटमधली साखर आणि उसातली साखर एकच आहे. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने १८०१ च्या सुमाराला सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. पुढे इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे फ्रान्समध्ये उसाची साखर येईना, तेव्हा नेपोलियनने १८११ पासून बीटच्या लागवडीला जोर लावला. आज जगातली साधारण पाचवा हिस्सा साखर बीटपासून होते. संकेश्वर-हुक्केरीच्या गुऱ्हाळांवर वाढलेल्या माणसाला हे पटणं कठीण, पण युरोपातल्या चहाच्या कपात बहुधा बीटचीच साखर असते.

आता मुद्द्याचा लाल रंग.

रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे आणि हिमोग्लोबिनच्या गाभ्यात लोह असतं. बीट लाल दिसतं ते बेटानिन नावाच्या रंगद्रव्यामुळे आणि बेटानिनमध्ये लोहाचा कणही नसतो. लाल माठ, लाल गराचं ड्रॅगन फळ, दारातली बोगनवेल यांचा रंगही याच जातीच्या द्रव्यांचा. जांभळाचा, वांग्याच्या सालीचा रंग वेगळ्या घराण्यातला. म्हणजे बीटचा लाल आणि रक्ताचा लाल यांचं नातं आडनाव सारखं असलेल्या दोन माणसांइतकंच. आडनाव एक, पण सोयर-सुतक नाही.

मग बीटमध्ये लोह किती? शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, साधारण ०.८. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. हिशेब तुम्हीच करा. सगळं लोह एकट्या बीटमधून घ्यायचं म्हटलं तर रोज साडेतीन किलोहून जास्त बीट खावं लागेल. आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे साडेसात किलो बीटइतकं.

हुलग्याचं उदाहरण घेऊ. आपण कुळीथ म्हणतो, अत्ती हुरळी म्हणतात. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात बीटच्या दसपट लोह असतं. एका माणसाच्या वाटीत कोरडे हुलगे पडतात तीसेक ग्रॅमच, हे खरं. तरीसुद्धा ती वाटी शंभर ग्रॅम बीटच्या तिप्पट ठरते. नाचणीची भाकरी, मटकी, हरभरा, तीळ, अळीव, सुका जवळा, मटण, कलेजी हे सगळे बीटच्या पुढचे. बीटच्या पाल्यातही गड्ड्यापेक्षा तिप्पट लोह असतं, पण पाल्यातली ऑक्झलेट आणि इतर द्रव्यं ते सगळं अंगी लागू देत नाहीत. पालकाचीही तीच गोष्ट. म्हणून भाजीवर लिंबू पिळावं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको. ही सवय मोडणं आपल्याकडे बीट खाण्यापेक्षा अवघड आहे, पण उपयोग तिचाच जास्त.

हा हिशेब मी सुट्टीत गोकाकला गेले तेव्हा अत्तींना ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकला, सुपारी कातरली आणि विचारलं, "हंगाद्र बीटरूट तिन्नबारदेनु?" म्हणजे मग बीट खाऊच नये का? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देतेच, पण त्याआधी ते सिल्वासाचं उदाहरण.

आमच्या वसाहतीत दर शनिवारी एक वारली बाई भाजीची टोपली घेऊन येतात. खानवेलकडच्या एका पाड्यावरून, दोन रिक्षा बदलून. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, बांबूचे कोंब, आणि थंडीत स्वतःच्या तुकड्यातला मुळा, मेथी, बीट. एका हिवाळ्यात टोपलीत मुळा-मेथी होती, बीट दिसेना. मी विचारलं, "मावशी, यंदा बीट लावलं नाही का?" म्हणाल्या, "लावलंय बेन, पण पोरीला ठेवलंय. तिचं रगत कमी आहे." मुलगी सोळा-सतरा वर्षांची. शाळेत जाताना दम लागायचा, थंडीत हातपाय ठणकायचे, चेहरा निस्तेज. कुणीतरी सांगितलं होतं, बीट उकडून रोज द्या. मावशी विकायचा माल बाजूला ठेवून रोज तिला देत होत्या. ज्या घरात महिन्याच्या मिठा-मिरचीचे पैसे त्या टोपलीतून येतात, तिथे हा त्याग लहान नव्हता.

संक्रांतीच्या सुमाराला त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मुलीची लघवी लाल झाली होती. त्यांना वाटलं, दिलेलं रगत सगळं बाहेर चाललं.

बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी गुलाबी-लाल होते. साधारण दहांतल्या एकाला हे होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण मुलगी सोबत होती आणि तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग मला पिवळट दिसला. तो काही बीटचा रंग नव्हता. मी दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर बाईंनी लघवीचं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "काल काय खाल्लं?" उत्तर ऐकून त्या हसल्या. मग त्यांनी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, पोट चाचपलं आणि हसू मावळलं. रक्त तपासायला घेतलं. चार दिवसांनी कळलं, मुलीला सिकलसेल आहे.

सिकल म्हणजे विळा, आपल्या कन्नड घरांत म्हणतात तो कुडगोल. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात हिमोग्लोबिनच्या घडणीतच जन्मतः फरक असतो, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय ठणकतात. निरोगी पेशी चार महिने टिकते, ही काही आठवड्यांतच फुटते, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. अमेरिकेत जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा आजार नोंदला गेला. महाराष्ट्रात नंदुरबार, पालघर आणि विदर्भात, कर्नाटकात म्हैसूर-चामराजनगरकडच्या जंगलपट्ट्यात तो आढळतो. आणि इथे दादरा-नगर हवेलीतही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या मुलीला रक्त कमी होतं हे खरं, पण लोह कमी पडल्यामुळे नव्हे. पेशी अवेळी फुटत होत्या म्हणून. अशा रुग्णाच्या अंगात लोह बहुतेक वेळा पुरेसं असतं, पुष्कळदा रक्त चढवल्यामुळे जास्तच होतं. म्हणजे बीट तर सोडाच, लोहाच्या गोळ्यासुद्धा अशा माणसाला तपासणीशिवाय देऊ नयेत. तिला मिळालं ते फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध. भरपूर पाणी प्यायचं, थंडीत अंग उबदार ठेवायचं, ताप आला की वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे तिला समजावून सांगितलं. आईवडील दोघेही वाहक निघाले. वाहक म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण दोष पुढे जाऊ शकतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मग धाकट्या दोघा भावांचीही तपासणी झाली. एक वाहक, एक मोकळा.

मावशींनी मला एकच विचारलं, "बेन, म्हणजे बीट दिलं ते फुकट गेलं?" मी म्हटलं, "फुकट कसं जाईल मावशी, पोटात अन्नच गेलं ना. आणि त्या लाल रंगानेच तुम्हाला इथवर आणलं." ते खरंही होतं. पण मनात हेही होतं की मुलीचा दम पहिल्यांदा लागला तेव्हाच जर बीटच्या आधी रक्त तपासलं असतं, तर तीन-चार महिन्यांचं ठणकणं वाचलं असतं. वाईट सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. तसं ते कुणाच्याच मनात नसतं. घरगुती उपायाने अपाय होत नाही असं आपण म्हणतो. पण उपाय चालू आहे या समाधानात तपासणी राहून जाते, तोच अपाय.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं ठरलं आणि महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक या आपल्या तिन्ही राज्यांचा त्यात समावेश आहे. बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या, ऊसतोडीला येणाऱ्या आदिवासी कुटुंबांना ही गोष्ट सांगायला आपले दोन शब्दच खर्च होतात. आणि लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर हा कागदही बघितला तर त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या घरांतल्या बहुतेक लेकीसुनांचा रक्तक्षय मात्र लोहाच्या कमतरतेचाच असतो. पाळीत जास्त रक्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, अनवाणी शेतात फिरल्यामुळे पायातून शिरणारे अंकुशकृमी, सगळ्यांनी जेवून उरलेलं खाण्याची सवय, आणि चहा. स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गर्भवतीचं ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१८ पासून चालू असलेल्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी गोळी आणि गर्भवतींना रोज एक लाल गोळी मोफत मिळते. त्या गोळीने शी काळी होते, कधी मळमळतं, म्हणून पुष्कळ जणी ती गुपचूप मोरीत टाकतात. शी काळी होणं साहजिक आहे. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण चहाबरोबर नको. जंतांची गोळीही शाळेत मिळते, ती चुकवू नये.

आता अत्तींच्या प्रश्नाचं उत्तर. बीट अवश्य खावं. ते रक्त वाढवत नसलं तरी त्याच्यात देण्यासारखं पुष्कळ आहे. त्यात फोलेट म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचं नैसर्गिक रूप चांगलं असतं, आणि नव्या तांबड्या पेशी घडायला ते लागतंच. शिजवताना त्यातलं थोडं जातं, म्हणून कधी कच्चंही किसून खावं. चोथा आहे, पोटॅशियम आहे, आणि शंभर ग्रॅमला उष्मांक चाळीसच्या थोडे वर. शिवाय बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं. आपल्या जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, त्यातून पुढे अंगात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस पाजून दाखवलं की त्यांचा रक्तदाब काही तास खाली राहतो. म्हणून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करू नये, पण ताटात बीट असावं याला हे कारण पुरेसं आहे. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र बेताने, कारण ऑक्झलेट. मधुमेह असेल तर रसापेक्षा भाजी किंवा कोशिंबीर बरी.

आमच्या घरात बीट दोन्ही भाषांत शिजतं. माहेरची कोशिंबीर अशी. उकडलेलं बीट किसून त्यात दही, दाण्याचं कूट, मीठ, चवीला साखर, वरून हिंग-जिरे-मिरचीची फोडणी. दही अगदी वाढताना घालावं, म्हणजे पाणी सुटत नाही. सासरचं पल्या असं. तेलात मोहरी, उडदाची डाळ, कढीलिंब, हिरवी मिरची, त्यात बीटच्या बारीक फोडी, झाकण ठेवून वाफ, शेवटी ओलं खोबरं आणि लिंबू. पाल्याची भाजी भिजवलेली मूगडाळ आणि ठेचलेला लसूण घालून परतावी, ज्वारीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते.

दोन युक्त्या लक्षात ठेवा. बीट उकडताना वरचा देठ बोटभर राखावा, खालची शेपटी कापू नये आणि साल नंतर काढावी. नाहीतर सगळा रंग पाण्यात उतरतो. दुसरं, लिंबू किंवा चिंचेने रंग टिकतो, पण खायचा सोडा पडला की तो पिवळट, मळकट होतो. पुष्कळ उकळलं तरी उडतो.

परसात किंवा कुंडीत लावायचं असेल तर आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चांगला काळ. 'डेट्रॉइट डार्क रेड' ही जात सहज मिळते. बी रात्रभर भिजवावं आणि बोटाच्या एका पेरापेक्षा खोल पेरू नये. बीटचं बी म्हणून जो खडबडीत मणी मिळतो, तो खरं म्हणजे दोन-चार बियांचा चिकटलेला गट असतो. म्हणून एका मण्यातून तीन-चार रोपं येतात. त्यातलं एक सशक्त ठेवून बाकीची उपटावीत, ती कोवळी रोपं कोशिंबिरीत घालावीत. विरळणी करायला जीव होत नाही, पण नाही केली तर गड्डा धरत नाही, नुसता पाला वाढतो. दोन-सव्वादोन महिन्यांत लिंबापेक्षा मोठा गड्डा झाला की काढावा. फार थांबलं तर तो चिवट होतो. आत काळे डाग दिसले तर जमिनीत बोरॉन कमी आहे असं समजावं. घरचं बी धरायचा प्रयत्न मात्र आपल्या हवेत सहसा साधत नाही. बीटला फुलावर यायला लांबलचक थंडी लागते, म्हणून त्याचं बी हिमाचल-काश्मीरकडच्या डोंगराळ भागात धरतात.

तेव्हा या आठवड्यात बाजारातून बीट आणाल तेव्हा पाल्यासकट आणा. आणि घरातल्या ज्या मुलीला जिना चढताना दम लागतो, जिचे केस गळतात, जी माती किंवा खडू खाते, जिचा चेहरा फिका दिसतो, तिला आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. हिमोग्लोबिन बघा, कमी असेल तर ते का कमी आहे हे डॉक्टरांना विचारा, आणि मग काय खायचं ते ठरवा. तपासणीला जाऊन यायला अर्धा दिवस लागतो. पल्या तोवर झाकून ठेवलेलं बरं, परत आल्यावर सगळ्यांनी मिळून खा.